पेन्सिल पुसता येते

आत्या : ती बशी ठेव खाली आधी. पोह्यांनी काय घोडं मारलंय तुझं?

बकुळा : सहा बशा होत्या, आत्या. पाच जशाच्या तशा. सहावीतलं खोबरं तेवढं मुलाच्या बहिणीनं उचललं, तेही जाता जाता.

आत्या : घाई असेल त्यांना. आज मोर्चा आहे, बसगाड्या बंद पडतील, म्हणून...

बकुळा : मोर्चा सहाला आहे. आत्ता साडेतीन वाजलेत. दादरची माणसं मोर्चाला घाबरत नाहीत. माझे दंड बघून उठली ती.

तात्या : बकुळा, असं बोलू नये गं.

बकुळा : तुम्ही बोला मग, तात्या. ते बसले होते तेव्हा तर तुम्ही चष्मा पुसत होतात. एवढा वेळ कुणी चष्मा पुसतं? ती बहीण पर्समधून माझा फोटो काढते, एकदा फोटोकडे बघते, एकदा माझ्याकडे बघते, आणि त्यांच्या आईला विचारते, "हीच का गं ती?" मी समोर चहाचा ट्रे धरून उभी! आणि ती मुलाची आई काय म्हणाली, ऐकलंत ना?

तात्या : ऐकलं.

बकुळा : "फोटो जुना असेल." मागच्या महिन्यातला फोटो जुना! बिचारीनं माझी लाज राखायला म्हटलं असेल, पण ते जास्त लागलं मला.

आत्या : मुलगा तरी काही वाईट बोलला नाही हो. बँकेतला मुलगा, शांत.

बकुळा : तो बोलला कुठे? खिडकीतून खाली वाडीतला नळ बघत बसला होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोक मला "प्लीज मिस, थँक्यू मिस" करतात. एका पारशी म्हाताऱ्याला तर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी ट्रंक कॉल लावलेला चालत नाही. वायरीवरून दंड दिसत नाहीत ना.

आत्या : मी सकाळपासून कंठशोष करत्ये, तुझ्या आईची ती हिरव्या खणाची चोळी घाल. एकवीस वर्षं कापूर घालून जपलीय मी ती. कोपरापर्यंत हात आहेत तिचे, सगळं झाकलं असतं.

बकुळा : ती मला होईल का? तो बघ भिंतीवर आईचा फोटो. तिचे दंड बघ आणि माझे बघ. माझ्या मनगटाच्या वर सरकायची नाही ती चोळी.

आत्या : घालून तरी बघायचीस.

बकुळा : आणि फाटली असती म्हणजे? तिची म्हणून तेवढी एकच वस्तू राहिलीय घरात. तीसुद्धा मीच फाडायची?

आत्या : बरं, राहिलं. झालं ते झालं. जगू, तुझ्या लेकीसाठी प्रभादेवीचं ते दुसरं स्थळ आहे ना, शाळामास्तर आहे तो, त्यांना उद्याच्या टपालानं फोटो जाऊ दे. त्याच निगेटिव्हच्या काचेवरून आणखी एक प्रत काढ तुझ्या स्टुडिओत.

बकुळा : त्या काचेवरून प्रत निघायची नाही.

आत्या : का म्हणून? फोटो बघूनच तर लोक येताहेत.

बकुळा : येताहेत आणि मला बघून जाताहेत. मला आणखी कुणासमोर ट्रे धरून उभं राहायचं नाही, फोटोतली ती मी नव्हे, हे कबूल करायला. तात्या, खरं सांगा. माझ्या फोटोला काय काय केलंत तुम्ही?

तात्या : काही नाही गं. स्टुडिओत सगळ्यांनाच करतो तेवढं. थोडी पेन्सिल फिरवली काचेवर.

बकुळा : कुठे कुठे?

तात्या : डोळ्यांखाली. गालावर देवीचे दोन वण आहेत ना, तिथे. एवढंतेवढं कुणालाही करतात.

बकुळा : आणि?

तात्या : आणि थोडं मानेपाशी.

बकुळा : विचारल्यावाचून?

तात्या : आपल्या मुलीला काय विचारायचं? वीस-एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींचे फोटो केले. लग्नं जुळली त्यांची. पेढे आणून दिले लोकांनी. माझी मुलगी तेवढी राहिली, म्हणून मन लावून केलं. तीन रात्री बसलो होतो. स्टुडिओच्या मालकांनीसुद्धा पाठ थोपटली.

बकुळा : मला वाटलं, कॅमेऱ्यानं माझी बाजू घेतली.

तात्या : म्हणजे?

बकुळा : फोटो घरी आणलात ना, तेव्हा. मला वाटलं, आरसा खोटा असेल, फोटो खरा असेल. यंत्राला कसली माया, ते कशाला खोटं बोलेल? दोन दिवस मी एक्स्चेंजमध्ये त्या फोटोसारखी मान वळवून बसत होते, तात्या. शेजारच्या बोर्डावरची मृणालिनी म्हणाली, मान आखडली का गं तुझी? दोन दिवस मी स्वतःला आवडले होते. चोवीस वर्षांत दोन दिवस. ते कुणाच्या पेन्सिलीनं, हे आज कळतंय.

आत्या : अगो, तुझ्या भल्यासाठीच केलं त्यानं.

बकुळा : मी कुठे म्हणत्ये वाईटासाठी केलं? आणि तात्या, ती आरशाशेजारची?

तात्या : कोण?

बकुळा : ती नटी. मासिकाच्या मुखपृष्ठावरची. मी सतरा वर्षांची असताना चिकटवली मी ती तिथे. तुमच्या स्टुडिओचं नाव आहे कोपऱ्यात, बारीक अक्षरात. तिलाही पेन्सिल?

तात्या : ते धंद्यातलं असतं, बकुळा. बाहेर बोलायचं नाही अशी मालकांची ताकीद असते. त्या लोकांचं पोट त्यावर.

बकुळा : मी बाहेरची आहे का?

तात्या : तिच्या गळ्याला दोन वळ्या होत्या. हनुवटीखाली भरलेलं होतं चांगलंच. दंडही... दंडही होते. दीड दिवस गेला माझा त्यात. प्रिंट झाल्यावर ती स्वतः आली होती बघायला. मालकांना विचारलं तिनं, "ये कौन है?"

बकुळा : आणि मग?

तात्या : मग हसली. चार प्रती मागितल्या.

बकुळा : सात वर्षं, तात्या! सात वर्षं मी रोज सकाळी वेणी घालताना तिच्याकडे बघत आल्ये. तिच्या गळ्याला एक रेघ नाही, माझ्या गळ्याला का? मी रात्रीचा भात सोडला, आठवतं? एक्स्चेंजमध्ये बोर्डावर डोकं आपटून पडले, ते आठवतं? तुम्ही मला घ्यायला आला होतात, व्हिक्टोरिया गाडी करून.

तात्या : आठवतं.

बकुळा : तुमच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून मी रात्री दंडाला आवळून बांधायची. सकाळी वळ उठायचे, काळेनिळे. तुम्हाला ते दिसले होते.

तात्या : दिसले होते.

बकुळा : तुम्ही काय केलंत?

तात्या : मलम आणलं.

बकुळा : मलम आणलंत! अहो, तेव्हा एक वाक्य बोलायचं. "बकुळा, ती बाई अशी नाही, मी केलीय तिला तशी." एवढंच. मालक काय माडीवर कान लावून बसले होते?

तात्या : मला वाटलं...

बकुळा : काय वाटलं?

तात्या : राहू दे.

बकुळा : नाही, बोला. आज बोला.

तात्या : मला बरं वाटलं होतं गं. तू ते चित्र आरशाशेजारी लावलंस तेव्हा. माझं नाव कुठल्याच फोटोवर येत नाही. मालकांचं येतं, स्टुडिओचं येतं. मी केलेलं काम माझ्या घरात भिंतीवर लागलं, माझ्या मुलीनं हौसेनं लावलं... मी जाता-येता बघायचो. तू त्याच्यापायी जेवत नाहीस, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बायकांचे काही उपास असतात, मला काय कळतंय त्यातलं.

आत्या : पुरे आता. दोघंही गप्प बसा. शेजारच्या दुर्गाबाई दाराशी उभ्या असतील.

बकुळा : असू देत. त्यांच्याही मुलीचा फोटो तात्यांनीच केलाय.

तात्या : तुला राग आलाय, बरोबर आहे. मला एकदा एका बाईनं असंच झाडलं होतं. लालबागची. सुंदराबाई म्हणून. गेल्या वर्षी तिचा मुलगा मोर्चावरच्या गोळीबारात गेला ना, जानेवारीत. त्याचा एकट्याचा असा फोटोच नव्हता. गणपतीच्या मंडळाचा एक ग्रुप फोटो होता, त्यातून एवढासा चेहरा मी उचलला आणि मोठा केला. हार घालायचा फोटो, म्हणून जीव ओतून केला. कपाळावर त्याच्या एक खोक होती, तीही भरून काढली. बाईनं फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "हो माझो झील न्हय. खोक खंय गेली?"

आत्या : अगं बाई!

तात्या : मी म्हटलं, बाई, चांगलं दिसावं म्हणून काढली. तर म्हणते, दोन वर्षांचा असताना चुलीच्या दगडावर पडला, मी पदरानं रक्त दाबून धरलं, ती खोक माझी आहे. तुला कुणी सांगितली काढायला? मालकांसमोर बोलली.

बकुळा : मग काय केलंत?

तात्या : काय करणार? पेन्सिलीचं काम होतं ते. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला काचेवर, पेन्सिल निघून गेली. खोक पुन्हा आली. दुसरी प्रत काढून दिली. बाईनं त्या खोकेवर बोट ठेवलं आणि तिथेच खाली बसली.

बकुळा : म्हणजे पुसता येतं.

तात्या : पेन्सिल पुसता येते.

बकुळा : मग माझीही पुसा. आत्ता. ते बघा तुमचं डेस्क खिडकीपाशी, ती काचेची पेटी, ती टर्पेंटाइनची बाटली. प्रभादेवीच्या मास्तराला मी आहे तशी जाईन. देवीच्या वणांसकट, दंडांसकट. बघायचं असेल तर येईल, नाहीतर घरीच बसेल. निदान माझ्या दारात येऊन कुणी माझ्याच फोटोशी मला ताडून बघणार नाही.

आत्या : वेडी की काय तू? जगू, ऐकू नकोस हं तिचं.

बकुळा : तात्या, पुसा.

तात्या : वण येतील परत. डोळ्यांखालचं येईल.

बकुळा : आणि दंड?

तात्या : ते नाही यायचे.

बकुळा : का?

तात्या : ते पेन्सिलीचं काम नव्हे. काचेवर माणूस उलटा असतो, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. काही भरायचं असेल तर पेन्सिल. पण काही कमी करायचं असेल, म्हणजे दंड, कंबर, हनुवटीखालचं, तर तो भाग काचेवरून चाकूनं खरवडून काढावा लागतो. मग तो मागच्या काळ्या पडद्यात मिसळून जातो. खरवडलं ते गेलं. ते परत आणायचं कुठून?

बकुळा : चाकू.

तात्या : लहान असतो गं. नखाएवढं पातं.

बकुळा : माझ्या दंडांना लावलात.

तात्या : काचेला लावला, बकुळा.

बकुळा : काचेवर कोण होतं? ... थांबा. जरा तो माझा फोटो इकडे द्या. आत्या, ती नटी काढ तिथून. काढ, फाटली तरी चालेल. ही अशी धर माझ्या फोटोशेजारी. हनुवटी बघ.

आत्या : काय बघू?

बकुळा : हिचीही तीच, माझीही तीच. एकाच साच्यातली. इथे खाली एक वळण आहे, छान निमुळतं. एकाच हातचं.

तात्या : हात बसलेला असतो माणसाचा. जातो तिकडेच.

बकुळा : आणि ही भिंतीवरची?

तात्या : बकुळा, ते राहू दे.

बकुळा : आईच्या फोटोवरचा हार काढ, आत्या. जरा बाजूला कर. तात्या, ही हनुवटी कुणाची?

तात्या : तो हार घाल परत, अक्का.

बकुळा : तीन बायका आहेत इथे, आणि हनुवटी एक. तात्या, मला आई आठवतच नाही. तीन वर्षांची होते मी. माझ्याजवळ तेवढीच आई आहे, त्या चौकटीतली. लहानपणापासून मला वाटतं, आई एवढी नाजूक, मग मी कुणावर गेले? आत्यावर नाही, तुमच्यावर नाही. मला वाटायचं, तिला लाज वाटली असती माझी. तिलाही चाकू लावलात?

तात्या : त्या वर्षी मी नुकताच लागलो होतो स्टुडिओत. तिथली रीत होती. नवशिक्यानं गिऱ्हाइकाच्या काचेला चाकू लावायचा नाही, बिघडली तर भरून कोण देणार? घरच्या माणसाचा फोटो काढायचा, त्या काचेवर हात बसवायचा. सगळेच तसं करायचे. कुणी बहिणीचा, कुणी म्हातारीचा. मी तुझ्या आईचा काढला. नवीन लुगडं नेसून आली होती, चर्नी रोडपासून चालत, तुला कडेवर घेऊन.

बकुळा : एकच काच?

तात्या : एकच. दुसरी काढू म्हणत होतो, सावकाशीनं. श्रावणात तिला ताप आला.

आत्या : तो ताप घेऊनच गेली ती.

बकुळा : तिनं बघितला होता का हा फोटो?

तात्या : बघितला. मी घरी आणून दाखवला ना. हसली. म्हणाली, "ही कुठली सवत घेऊन आलात?" मलाही हसू आलं. मग दोन दिवस ती माझ्यासमोर जेवायला बसली नाही. मला वाटलं, उपास असेल.

बकुळा : तुम्हाला सगळ्यांचे उपासच वाटतात, तात्या.

तात्या : हो. खरं आहे.

बकुळा : आणि तू, आत्या? तू तर पाहिली होतीस तिला, आठ-दहा वर्षं. रोज तिच्या फोटोला फूल वाहत्येस. तुला दिसत नव्हतं?

आत्या : दिसत होतं हो. पण गेलेलं माणूस चांगलं दिसतंय, तर दिसू दे म्हटलं. मी कशाला तोंड घालू? तुझ्या मनात हे असलं काही चाललंय, ते मला काय ठाऊक? तू कधी बोललीस?

बकुळा : मी कुणाशी बोलू? त्या चौकटीशी? ... तात्या, आई खरी कशी होती?

तात्या : चांगली होती. पापड लाटताना गुणगुणायची. हसली की डोळे मिटायचे तिचे.

बकुळा : ते नको. दंड कसे होते? हनुवटी कशी होती?

तात्या : हनुवटी... अशी जरा... थांब हं.

बकुळा : सांगा.

तात्या : आठवत नाही गं. एकवीस वर्षं मीही तोच फोटो बघतोय.

आत्या : जगू, रडू नकोस रे. रडतोस काय असा? बकुळे, जा तू. त्या हिरव्या चोळीला कुणी चाकू लावलेला नाही. जा, घालून ये. मी सकाळपासून तेच सांगत्ये.

(बकुळा आतल्या खोलीत जाते. ट्रंकेची कडी वाजते. खाली वाडीतून मोर्चाला निघालेल्या माणसांच्या घोषणा येऊन विरतात.)

तात्या : अक्का, झाली नाही म्हणजे? फाटली म्हणजे?

आत्या : गप्प बस. बायकोच्या चोळीचं माप नवऱ्याला कधी ठाऊक असतं? ... अगो बकुळे, काय झालं? बोल की. अडकला का हात? जोर लावू नकोस हं, शिवण जुनी आहे.

बकुळा : नाही अडकला.

आत्या : मग?

बकुळा : सैल होतेय, आत्या. दंडात माझी दोन बोटं जातायत.